रक्तवाढीची गोळी: दिवसातून दोनदा, रोज एक की एक दिवसाआड?

अंत्रुजकन्या (फोंडा)

सर्वांना नमस्कार. माझे वय ३८ असून मी फोंडा तालुक्यातील एका माध्यमिक विद्यालयात गणित शिकवते. पावसाळ्याच्या सुरुवातीपासून जिना चढताना धाप लागू लागली, केस गळू लागले आणि सतत बर्फ चघळत राहावे अशी विचित्र इच्छा होऊ लागली, तेव्हा रक्ततपासणी करून घेतली. हिमोग्लोबिन ९.२, एमसीव्ही (तांबड्या पेशींचे सरासरी आकारमान) ६८ आणि फेरिटिन (शरीरातील लोहसाठ्याचे मोजमाप) ६ असा अहवाल आला. गेली दोन-तीन वर्षे पाळीत रक्तस्राव बराच होतो आणि तेच यामागचे कारण असावे, असे डॉक्टरांचे म्हणणे आहे.

मला फेरस ॲस्कॉर्बेट व फॉलिक ॲसिडची गोळी सकाळ-संध्याकाळ लिहून दिली आहे. उपाशीपोटी घेतली की मळमळते, म्हणून सकाळची गोळी पाव-पातळभाजी आणि चहा झाला की लगेच घेते, तर रात्रीची गोळी जेवणानंतर कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेते. थायरॉइडची गोळी सकाळी उठल्या उठल्या असते आणि पित्त उसळले की पँटोप्राझोल. एवढे सगळे नेमाने करूनही काही महिन्यांनी हिमोग्लोबिन ९.६ वरच अडकले आहे. बद्धकोष्ठता मात्र कायमची मुक्कामाला आली आहे.

शाळेतील एक सहकारी सांगते की हल्ली ही गोळी एक दिवसाआड देतात आणि त्यामुळे लोह उलट जास्त मिळते. गोळ्या निम्म्या आणि लोह जास्त, हे गणित मला पटत नाही. सासूबाईंचा भर बीट, खजूर आणि लोखंडी कढईवर आहे. यातले काय शास्त्राला धरून आहे, आणि गोळ्या लागू पडत नसतील तर शिरेतून लोह देण्याविषयी डॉक्टरांना विचारावे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.


औषधवाला (म्हापसा)

ताई, एक दिवसाआडचा मुद्दा मी डॉक्टर मंडळींवर सोपवतो. मी फार्मासिस्ट आहे आणि तुमच्या दिनक्रमात मला आधी दुसरीच गोष्ट खटकली. तुम्ही गोळी नेमाने घेता, पण ती ज्यांच्या सोबतीने पोटात जाते ते सगळेच तिचे विरोधक आहेत.

चहातील टॅनिनसारखी द्रव्ये लोहाला धरून ठेवतात आणि ते आतड्यात शोषले जाऊ देत नाहीत. कॉफीचेही तेच. झुरिकच्या संशोधकांनी २०२३ साली लोहाची कमतरता असलेल्या स्त्रियांमध्ये हे मोजून पाहिले. सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घेतलेल्या गोळीच्या तुलनेत कॉफीबरोबर घेतलेल्या गोळीचे शोषण ५४ टक्क्यांनी कमी झाले, आणि कॉफीसह न्याहारीबरोबर घेतलेल्या गोळीचे तर ६६ टक्क्यांनी. त्या न्याहारीत क जीवनसत्त्व भरपूर होते, तरीही ही स्थिती. दुपारनंतर घेतलेल्या गोळीचे शोषण सकाळच्या मानाने ३७ टक्क्यांनी कमी भरले. आपल्याकडील पाव आणि चहाची न्याहारी यापेक्षा दयाळू असेल असे मानण्याचे कारण नाही. चहा गोळीच्या आधी तासभर झाला तर फारसा अडथळा होत नाही, परंतु गोळीनंतर लगेच किंवा तासाभराने घेतला तरी तो आडवा येतो, हे अनेकांना ठाऊक नसते. गोळीनंतर दोन तास चहा टाळा, असे मी गिऱ्हाइकांना सांगतो.

रात्रीच्या गोळीची कथा याहून निराळी नाही. कॅल्शियम आणि लोह एकाच वेळी घेतले तर लोहाचे शोषण घटते. तुमची कॅल्शियमची गोळी कॅल्शियम कार्बोनेटची असेल (बहुतेक स्वस्त गोळ्या त्याच असतात), तर ती जेवणाबरोबरच चांगली लागू पडते, म्हणून तिला दुपारच्या जेवणाची जागा द्या. पँटोप्राझोलने जठरातील आम्ल कमी होते आणि लोह विरघळून शोषणयोग्य राहण्यासाठी आम्ल लागते. ते खरोखर आवश्यक आहे की सवयीने चालू आहे, हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा. मनाने बंद करू नका.

आता गोळीची पट्टी हातात घ्या आणि मागील बाजूची बारीक अक्षरे वाचा. गोळीत किती मिलिग्रॅम क्षार आहे यापेक्षा त्यात मूलद्रव्य लोह किती आहे, हे महत्त्वाचे. फेरस फ्युमरेटच्या वजनाचा साधारण एक तृतीयांश भाग लोह असतो, ग्लुकोनेटचा फक्त सुमारे १२ टक्के. तुमच्या फेरस ॲस्कॉर्बेटच्या पट्टीवर बहुधा ‘१०० मिलिग्रॅम मूलद्रव्य लोहाइतके’ असे छापलेले असेल, म्हणजे दोन गोळ्यांचे दिवसाला २०० मिलिग्रॅम होतात. सरकारच्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमातील गरोदर स्त्रियांची रोजची लाल गोळी ६० मिलिग्रॅमची असते, यावरून तुमची मात्रा केवढी आहे याची कल्पना येईल. पट्टीवर ‘एन्टेरिक कोटेड’ किंवा ‘सस्टेन्ड रिलीज’ असे दिसले तर तेही डॉक्टरांना दाखवा. अशी गोळी पोटाला सोसते खरी, पण लोहाचे शोषण मुख्यतः लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात होते आणि उशिरा फुटणारी गोळी तो भाग ओलांडून पुढे निघून जाते. ‘पोटाला त्रास न देणारी’ म्हणून महाग विकल्या जाणाऱ्या लोहाबाबत माझे मत थोडे कडवट आहे: काही गोळ्यांचा त्रास होत नाही, कारण त्यांतले लोह फारसे सुटतच नाही.

एक व्यावसायिक सूचना. घरात लहान मूल असेल तर या गोळ्या कडीकुलपात ठेवा. त्या गोड मिठाईसारख्या दिसतात आणि मुलांमध्ये लोहाची विषबाधा जिवावर बेतू शकते.


निवृत्त फिजिशियन (मडगाव)

औषधवाला यांनी वेळेविषयी जे लिहिले आहे, त्याला माझे पूर्ण अनुमोदन आहे. आता बाईंच्या गणिताच्या शंकेकडे वळतो, कारण ती शंका योग्य आहे आणि ‘एक दिवसाआड म्हणजे जास्त लोह’ हे वाक्य अर्धवट सांगितले जाते.

शरीरातून जादा लोह बाहेर टाकण्याची सोय निसर्गाने ठेवलेली नाही, त्यामुळे सगळा बंदोबस्त आत घेतानाच करावा लागतो. हा बंदोबस्त यकृतात तयार होणारे हेप्सिडिन नावाचे संप्रेरक करते. आतड्याच्या पेशींतून लोह रक्तात सोडणारे जे एकमेव द्वार आहे, त्या फेरोपोर्टिन नावाच्या प्रथिनाला हेप्सिडिन नष्ट करते. मग लोह पेशीतच अडकते आणि काही दिवसांनी ती पेशी झडली की शौचावाटे निघून जाते. लोहाची मोठी मात्रा, म्हणजे ६० मिलिग्रॅम किंवा अधिक, पोटात गेली की हेप्सिडिन वाढते आणि सुमारे २४ तास वाढलेले राहते. त्या अवधीत घेतलेल्या पुढच्या गोळीचे शोषण ३५ ते ४५ टक्क्यांनी घटते, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. त्याच अभ्यासात असेही दिसले की मात्रा ४० वरून २४० मिलिग्रॅमपर्यंत सहापट वाढवल्यावर शोषलेले लोह केवळ तिपटीने वाढले. तेव्हा तुमची रात्रीची गोळी सकाळच्या गोळीने आधीच लावलेल्या बंद दारावर धडका देत होती. दिवसातून दोनदा लोह लिहून देण्याची पद्धत माझ्या पिढीने वर्षानुवर्षे पाळली. आज तिला फारसा आधार उरलेला नाही.

एक दिवसाआडचा प्रसिद्ध प्रयोग २०१७ सालचा, तोही झुरिकचाच. त्यात लोहसाठा कमी असलेल्या परंतु रक्तक्षय नसलेल्या ४० स्त्रियांना ६० मिलिग्रॅमच्या १४ मात्रा दिल्या; एका गटाला सलग १४ दिवस, दुसऱ्याला दिवसाआड २८ दिवस. पहिल्या गटात १६.३ टक्के आणि दुसऱ्यात २१.८ टक्के लोह शोषले गेले. एकूण १३१ विरुद्ध १७५ मिलिग्रॅम. पण बाई, येथेच गणित करा. दिवसाआड गटाला १७५ मिलिग्रॅम मिळाले ते २८ दिवसांत. १४ दिवसांचा हिशेब केला तर सुमारे ८७. रोज घेणाऱ्यांना त्याच १४ दिवसांत १३१ मिळाले होते. गोळीमागे लोह जास्त, दिवसामागे कमी, असा हा मामला आहे. दिवसाआड गोळीचा खरा लाभ असा की पोटाचा त्रास कमी होतो आणि औषध चालू राहते. २०२३ साली १५० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत एका गटाने १०० मिलिग्रॅम ९० दिवस रोज घेतले, दुसऱ्याने तेवढेच १८० दिवस दिवसाआड घेतले. एकूण मात्रा सारखी दिल्यावर फेरिटिन जवळपास सारखेच आले आणि त्रास दिवसाआड गटात कमी झाला.

म्हणून माझा सल्ला असा राहील, आणि ब्रिटिश गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजी सोसायटीच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनाही याच धर्तीच्या आहेत: दिवसातून एकच गोळी, सकाळी, ती सोसत नसेल तर दिवसाआड. हिमोग्लोबिन ९.६ असताना मी आधी रोज एक गोळी देऊन पाहीन. गरोदर स्त्रियांनी मात्र हे वाचून आपली रोजची गोळी दिवसाआड करू नये. त्यांच्यापाशी वाट पाहायला वेळ नसतो.

औषध लागू पडते आहे की नाही, हे कळायला महिने लागत नाहीत. गोळी योग्य रीतीने पोटात जात असेल तर चार आठवड्यांत हिमोग्लोबिन किमान एक-दोन ग्रॅमने वर सरकले पाहिजे. ते सरकले नाही तर मात्रा वाढवत बसण्यापेक्षा कारण शोधावे. तुमच्या बाबतीत पहिला संशय पाळीवरच आहे. एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असते; पाळीत ८० मिलिलिटरहून अधिक रक्त गेले तर महिन्याला ४० मिलिग्रॅमहून अधिक लोह गेले आणि शरीराची नित्याची झीज दिवसाला एखादा मिलिग्रॅम, ती वेगळी. दुसरीकडे भरून काढायची तूट किती? वजन ५५ किलो आणि हिमोग्लोबिनचे लक्ष्य १५ धरून ५५ गुणिले ५.४ (१५ वजा ९.६) गुणिले २.४ हा ठरलेला गुणक, अधिक साठ्यासाठी ५००, म्हणजे सुमारे १,२०० मिलिग्रॅम. नळ गळत ठेवून टाकी भरण्याचा हा उद्योग आहे, तेव्हा सोनोग्राफी करून फायब्रॉइड (गर्भाशयातील गाठी) वगैरे काही आहे का आणि रक्तस्राव कसा आवरता येईल, हे स्त्रीरोगतज्ज्ञांकडून आधी निश्चित करून घ्या.

एमसीव्ही ६८ पाहून एक गोष्ट विचारावीशी वाटते. कोणी एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणारी) तपासणी सुचवली आहे का? थॅलेसेमिया मायनर या रक्ताच्या सौम्य आनुवंशिक दोषातही तांबड्या पेशी लहान असतात आणि अशा व्यक्तींना विनाकारण वर्षानुवर्षे लोह दिले जाते. तुमचे फेरिटिन ६ आहे, त्यामुळे लोहाची कमतरता निर्विवाद आहे, परंतु दोन्ही एकत्र असू शकतात. हा दोष ज्यावरून ओळखतात ते एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) लोहाच्या कमतरतेत खोटे कमी दिसू शकते, म्हणून ही तपासणी लोहसाठा भरल्यावर केलेली अधिक बरी. याखेरीज सीलिॲक आजार (गव्हातील ग्लुटेन न सोसणे), हेलिकोबॅक्टर पायलोरी हे जठरातील जंतू आणि अंकुशकृमी यांचाही विचार तुमचे डॉक्टर करतील.

शिरेतून लोह देणे ही उत्तम सोय आहे, पण ती गोळी नीट घेऊन पाहिल्यानंतरची. फेरिक कार्बोक्सिमाल्टोजच्या एका बैठकीत १,००० मिलिग्रॅमपर्यंत देता येते, म्हणजे तुमची बहुतेक तूट एकदाच भरून निघेल. त्यात क्वचित तीव्र ॲलर्जी होते आणि काही रुग्णांमध्ये रक्तातील फॉस्फेट घसरते, म्हणून ते रुग्णालयातच, देखरेखीखाली घ्यावे. गोळी अजिबात सोसत नसेल, शोषणच बिघडलेले असेल किंवा रक्तस्रावाचा वेग गोळीला झेपत नसेल, तर तो मार्ग निःसंकोच धरावा.


उकडी पेज (डिचोली)

मी आहारतज्ज्ञ आहे, तेव्हा सासूबाईंची बाजू थोडी घेते आणि थोडी सोडते. बिटाचा रंग रक्तासारखा आहे, एवढेच त्याचे भांडवल; १०० ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसते. लोखंडी कढईचा उपाय मात्र खोटा नाही. आंबट आणि पाणीदार पदार्थ त्यात शिजला तर लोह थोडेफार उतरते. अर्थात सोले (आमसुले) घातलेले हुमण, म्हणजे मासळीचे कालवण, त्यात काळपट पडेल, ते आपल्या मातीच्या कुंडल्यातच राहू द्यावे. या सगळ्याने साठा टिकवायला मदत होते. १,२०० मिलिग्रॅमची तूट मात्र ताटातून भरून निघत नाही, हे डॉक्टरसाहेबांच्या आकड्यांवरून दिसतेच.

मासळीतील व मांसातील हीम लोह १५ ते ३५ टक्के शोषले जाते; भाजीपाला-कडधान्यांतील लोह त्याहून बरेच कमी. पण लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की मासळी सोबत असली तर त्याच ताटातील डाळीचे व भाजीचे लोहही अधिक शोषले जाते. त्यामुळे तिसऱ्यांचे (शिंपल्यांचे) सुके आणि अळसांद्यांची (चवळीची) उसळ एकाच जेवणात घेण्यात शहाणपण आहे. शिवराक (शाकाहारी) दिवशी मुगागाठी, म्हणजे मोडाच्या मुगांचे कालवण, करा. मुगाला मोड आले की लोहाला अडवणारे फायटेट कमी होते आणि क जीवनसत्त्व वाढते. नाचणीचेही तसेच, मोड आणून सत्त्व केलेली नाचणी साध्या पिठापेक्षा सरस.

सोलकढीने गोळी अधिक लागू पडेल, अशी समजूत मी नेहमी ऐकते. पण कोकमातील मुख्य आम्ल हायड्रॉक्सिसिट्रिक आहे, क जीवनसत्त्व नव्हे, म्हणून क जीवनसत्त्वासाठी आवळा, पेरू किंवा लिंबू यांच्यावर विसंबलेले बरे. काजूच्या बोंडात क जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट असते, परंतु घशाला खवखवणारा त्याचा तुरटपणा टॅनिनचाच असतो, म्हणून हंगामात नीरो (बोंडांचा ताजा रस) जरूर प्या, पण त्याबरोबर गोळी नको. औषधवाला यांनी उल्लेखलेल्या अभ्यासात ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्वाने गोळीचे शोषण ३० टक्क्यांनी वाढले आणि ५०० मिलिग्रॅम दिल्याने त्यापुढे काही वाढले नाही. तुमच्या गोळीत ॲस्कॉर्बेट आहेच. वेगळी क जीवनसत्त्वाची गोळी विकत घेऊ नका. २०२० साली चीनमध्ये ४४० रुग्णांवर झालेल्या चाचणीत ती जोडल्याने हिमोग्लोबिन लक्षणीय अधिक वाढले नाही.


अंत्रुजकन्या (फोंडा)

तिघांचेही मनापासून आभार. एका प्रश्नाचे एवढे सविस्तर उत्तर मिळेल असे वाटले नव्हते. डॉक्टरसाहेब, १४ दिवसांचा हिशेब मांडल्यावर दिवसाआडचे गणित अखेर सुटले. पट्टी पाहिली, १०० मिलिग्रॅमच आहे. एचपीएलसी कोणी सुचवलेली नाही, सोनोग्राफीची वेळ घेतली आहे.

आता व्यवहारातील अडचण. लोह सकाळी उपाशीपोटी घ्यायचे आणि थायरॉइडची गोळीही तेव्हाच. या दोहोंत चार तासांचे अंतर हवे असे वाचले. चार तासांनी माझी मधली सुटी येते आणि शिक्षक कक्षात त्या वेळी चहा असतोच. तो मी सोडला तरी पुढच्या तासाला मळमळत फळ्यासमोर उभे राहण्याची माझी तयारी नाही. शौचाचा रंगही काळा झाला आहे, त्याची चिंता करावी का?


निवृत्त फिजिशियन (मडगाव)

चार तासांचे अंतर हवेच, कारण लोह थायरॉक्सिनला बांधून त्याचेही शोषण कमी करते. कॅल्शियमही तसेच वागते. तुमच्या बाबतीत सोपा मार्ग असा दिसतो की थायरॉइडची गोळी रात्री निजताना घ्यावी, जेवण होऊन किमान तीन तास झालेले असावेत. रात्री घेतलेली लेव्होथायरॉक्सिन सकाळइतकीच, कधी अधिकही, लागू पडते, हे चाचण्यांतून दिसले आहे. तसे केल्यास सकाळ लोहाला मोकळी होते, कॅल्शियम दुपारच्या जेवणाला जाते आणि मधल्या सुटीचा चहाही वाचतो. आपल्याकडे रात्रीचे जेवण उशिरा होते, तेवढी एक अट तुम्हाला घरात मान्य करून घ्यावी लागेल. हा बदल तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) पुन्हा तपासा.

मळमळीसाठी १०० ऐवजी ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी त्यांच्याकडून लिहून घ्या; एकच गोळी झाल्यावर बद्धकोष्ठताही पुष्कळ सैल होईल. तेवढ्याने भागले नाही तर दिवसाआड आहेच. अगदीच असह्य झाल्यास थोडे खाऊन घ्या, पण त्या खाण्यात चहा व दूध नको.

लोहाने शौच काळसर-हिरवट होते, ते निरुपद्रवी आहे. डांबरासारखे चिकट, चकचकीत आणि अतिशय दुर्गंधीयुक्त असेल तर मात्र आतड्यात रक्तस्राव असू शकतो. त्या दिवशी वाट न पाहता रुग्णालयात जा. अंगदुखीसाठी वरचेवर वेदनाशामक गोळ्या घेत असाल, तर हेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

हिमोग्लोबिन १२ च्या वर गेले म्हणून गोळी थांबवू नका. साठा भरण्यासाठी त्यापुढे साधारण तीन महिने ती चालू ठेवतात आणि शेवटी फेरिटिन पाहतात. ताप किंवा कसलाही संसर्ग असताना फेरिटिन तपासू नका, कारण दाह असला की ते उगाच वाढलेले दिसते. तपासणीत सीरम आयर्नही (रक्तातील लोह) असेल, तर त्या दिवशी सकाळची गोळी रक्त देऊन झाल्यावर घ्या.